बायकांसाठी पहिले क्लायम्बिंग शूज: पाय कसा मोजायचा, काय घ्यायचं, पैसे कुठे वाचवायचे

माझे पहिले क्लायम्बिंग शूज मी घरी आणून पायात घातले आणि दोन मिनिटांत काढले. उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटातलं जोडवं आतून असं रुतलं होतं की बोटाभोवती लाल वळ उठला. सासूबाई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "काहून वं, पाय बांधून घेतले का?" त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. हे बूट दुखणारेच असतात, दोन नंबर लहान घ्यायचे असतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. डब्यावर 'विमेन्स' लिहिलेलं होतं, त्यामुळे ते माझ्याच पायासाठी आहेत असंही मी धरून चालले होते. महिन्याभरात अंगठ्याचं नख काळं पडलं आणि पुढे गळून गेलं.

त्यानंतर परतवाड्याच्या आसपासच्या बऱ्याच पोरींना आणि माझ्या वयाच्या दोन-तीन बायांना मी बूट निवडायला मदत केली आहे. गावाकडे राहणाऱ्या, हातात मोजके पैसे असणाऱ्या आणि पहिल्यांदाच हे बूट घेणाऱ्या बाईसाठी हे लिहिते आहे. 'बायकांचे' हा शब्द आणि 'घट्ट' हा शब्द, या दोन्हींवर डोळे मिटून विश्वास ठेवला की पैसे वाया जातात. आपला पाय नीट ओळखला तर स्वस्तातला बूटही उत्तम काम देतो.

हे बूट नेमके कोणते?

२०१८च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतली पाच मुलं 'मिशन शौर्य' या सरकारी मोहिमेतून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. त्यांत मनीषा धुर्वेही होती. तेव्हापासून आमच्याकडे कुणी चढाईच्या बुटांचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "एव्हरेस्टवाले का?" ते बूट वेगळे. ते जाड आणि ऊबदार असतात, त्यांना बर्फात रुतणारे काटे जोडता येतात. ट्रेकिंग शूज आणखी वेगळे, त्यांच्या तळाला खाचा असतात आणि ते चालण्यासाठी असतात. कातळावर किंवा कृत्रिम भिंतीवर हातापायांनी चढायचे क्लायम्बिंग शूज दिसायला अगदी साधे असतात. तळ गुळगुळीत, एकही खाच नाही. पुढचं टोक निमुळतं. अंगठ्याच्या आणि टाचेच्या भोवती वरपर्यंत रबर चढवलेलं.

तळ गुळगुळीत का, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. हे रबर मऊ असतं. वजन पडलं की ते कातळाच्या बारीक कणाकणांत दबतं आणि धरून ठेवतं. खाचा पाडल्या तर कातळाला टेकणारं रबर कमी होतं. आणि बूट पायाला चिकटून बसावा लागतो, कारण दगडाच्या बोटभर धारेवर अंगठा ठेवला आणि बुटाच्या आत पाय फिरला, तर रबर कितीही चांगलं असो, पाय निसटणारच.

ऑनलाइन 'क्लायम्बिंग शूज' शोधलं की शंभर प्रकारचे साधे स्पोर्ट्स शूज समोर येतात. तळाचा फोटो बघा. खाचा दिसल्या तर पुढे जा.

आत्ता घ्यायची गरज आहे का?

पहिल्या दोन-तीन वेळा नाही. शिबिरात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या भिंतीवर शिकवणाऱ्यांकडे बहुतेक वेळा वापरायला बूट असतात. ते घाला, किंवा पातळ तळाचे कॅनव्हासचे पीटी शूज घालून सोप्या वाटा चढा. पाय कुठे ठेवायचा हे डोळ्यांना आणि अंगठ्याला कळायला लागलं, आठवड्याला एकदा तरी जाणं होतंय असं दिसलं, की मग खर्च करा.

खर्च लहान नाही. २०२४-२५च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. साधारण बऱ्यापैकी नवा बूट घ्यायचा तर अर्ध्या क्विंटलापेक्षा जास्त कापसाचे पैसे त्यात जातात. ज्या घरात हा हिशोब रोज होतो तिथे चुकीचा बूट घेऊन तो कोपऱ्यात पडून राहणं परवडत नाही. म्हणून पुढचं मोजमाप कंटाळा न करता करा.

पाय मोजा, संध्याकाळी

दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा फुगतो. चढतानाही तो फुगतोच. म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं. भिंतीला लागून जमिनीवर जुन्या कॅलेंडरचा कोरा कागद पसरा. टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभ्या राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी पेन्सिलीची खूण करायला सांगा. आपण स्वतः वाकलो की पाय पुढे सरकतो आणि माप चुकतं. पेन्सिल सरळ उभी धरायची, बोटाखाली तिरपी घालायची नाही. दोन्ही पाय मोजा. एक पाय थोडा मोठा निघतो, बहुतेक जणींचा निघतो. मोठा पाय धरायचा.

आता त्याच कागदावर पायाची पूर्ण बाह्यरेषा काढा आणि चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी मोजा. अंगठ्याच्या बुडाच्या हाडापासून करंगळीच्या बुडापर्यंत. हे दुसरं माप कुणी घेत नाही, आणि आपल्याकडे तेच जास्त महत्त्वाचं आहे. लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वाढलेला पाय पसरट असतो, बोटं मोकळी असतात. वावरात काम करणाऱ्या बायांचे चवडे बघा. कंपन्यांचे 'विमेन्स' बूट तसे कापलेले नसतात.

बोटांचा आकारही कागदावर दिसतो. कुणाचा अंगठा सगळ्यात लांब, कुणाचं अंगठ्याशेजारचं बोट लांब, कुणाची पहिली तीन बोटं जवळपास सारखी. (शेजारचं बोट लांब असलं की बाई नवऱ्यावर वरचढ ठरते, असं आमच्याकडे आजही म्हणतात. माझं आहे तसं.) शेजारचं बोट लांब असेल तर ज्या बुटाचं टोक अगदी अंगठ्याच्या बाजूला वळलेलं असतं तो टाळा. त्यात ते बोट दुमडून वर येतं आणि सांध्यावर घासतं. टोक मधोमध असलेला बूट अशा पायाला बरा.

तिसरी गोष्ट पायाची उंची, म्हणजे घोट्यापुढचा वरचा भाग. पाय ओला करून कोरड्या फरशीवर ठेवा. पूर्ण तळवा उमटला तर कमान सपाट आणि पाय बहुधा बसका. मध्ये बारीक पट्टीच उमटली तर कमान उंच. पाय खालून-वरून जाड की सडपातळ, हे या बुटांत लांबीइतकंच लागतं.

'विमेन्स' म्हणजे नक्की काय

बहुतेक कंपन्यांच्या बायकांच्या मॉडेलमध्ये टाच अरुंद असते, पायाच्या वरचा भाग बसका असतो आणि आतली एकूण जागा कमी असते. लांबी तीच, पोकळी कमी. काही कंपन्या त्यालाच आता 'लो व्हॉल्यूम' म्हणतात आणि स्त्री-पुरुष असा शिक्काच मारत नाहीत. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

तेव्हा तुमची टाच बारीक आणि पाय सडपातळ असेल, पुरुषांच्या किंवा सर्वांसाठीच्या बुटात टाचेमागे पोकळी राहत असेल, तर विमेन्स मॉडेल घ्या. चवडा रुंद असेल, घोट्यापुढचा भाग उंच असेल, तर पुरुषांचा किंवा सर्वांसाठीचा बूट सरळ घाला, लाजायचं काहीच कारण नाही. रंग गुलाबी नसतो, एवढाच काय तो फरक. मी आज जो वापरते तो पुरुषांचाच आहे.

अडचण येते ती लहान पायांना. पुरुषांच्या बुटांचे नंबर मोठ्यापासून सुरू होतात. तळपाय बावीस सेंटिमीटरच्या आत असेल तर मुलांचे क्लायम्बिंग शूज बघून ठेवा. ते स्वस्त असतात. त्यांचा आकार मोकळा असतो, म्हणून सुरुवातीला चालतात. पुढे बारीक धारेवर उभं राहायचं झालं की ते कमी पडतात.

कोणता आकार, कोणतं कापड

आकार तीन प्रकारचे मिळतात. तळ सपाट असलेला, थोडा वाकलेला आणि घारीच्या चोचीसारखा खाली वळलेला. नवख्या बाईने सपाटच घ्यायचा. वळलेला बूट पुढे झुकलेल्या भिंतीवर कामाचा. सरळ उभ्या किंवा मागे कललेल्या सोप्या कातळावर तो फक्त बोटं दुखवतो. दुकानदार 'प्रो मॉडेल' म्हणून दाखवेल. नको म्हणा.

रबराची जाडी साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर असते. सुरुवातीला चार ते पाचची बघा. नव्या माणसाचा पाय भिंतीवर घासत जातो, आणि पातळ मऊ रबर दोन-तीन महिन्यांत अंगठ्याखाली उडतं. जाड रबराखाली दगड थोडा कमी कळतो, पण तेव्हा कळण्यापेक्षा टिकणं महत्त्वाचं.

वरचं कापड चामडं की सिंथेटिक, हा प्रश्न नंबर ठरवताना फार उपयोगी पडतो. अस्तर नसलेलं चामडं वापरून वापरून बरंच सैल होतं, काही बूट एका पूर्ण नंबरापर्यंत. अस्तर असलेलं कमी ताणतं. सिंथेटिक फारसं ताणत नाही. दुकानात जसं बसलं तसंच ते राहणार. म्हणून चामड्याचा बूट पहिल्या दिवशी थोडा कसलेला हवा, आणि सिंथेटिक पहिल्या दिवसापासून नीट बसायला हवा. चामड्याला घामाचा वास कमी लागतो, पण आतला रंग पायाला लागतो. घरी चामड्याचं चालत नसेल तर सिंथेटिक घ्या. त्याने चढाईत काही बिघडत नाही.

नाडी, वेल्क्रो आणि नुसता ओढून घालायचा, हे बांधायचे तीन प्रकार. पसरट पायाला नाडीचा उत्तम, कारण चवड्यावर सैल आणि घोट्याजवळ घट्ट असं बांधता येतं. वेल्क्रो झटकन निघतं, आणि दर चढाईनंतर बूट काढावाच लागत असल्याने तोही मोठा आराम आहे. नाडीचा दुसरा फायदा गावात कळतो. नाडी तुटली तर आठवडी बाजारात दुसरी मिळते. वेल्क्रोची पकड गेली तर पट्टी बदलून घ्यायला मोच्याला समजावत बसावं लागतं.

कुठे मिळतात, किती लागतात

आपल्या भागातून सगळ्यात हाताशी असलेला रस्ता म्हणजे डेकॅथलॉन. त्यांचा चढाईचा ब्रँड सिमाँड, मूळचा फ्रान्समधल्या शामोनीचा. त्याचे सुरुवातीचे बूट आयात ब्रँडांच्या मानाने बरेच स्वस्त असतात, चार-पाच हजारांच्या आसपास धरून चला. ला स्पोर्टिव्हाचं टॅरंट्युलेस, स्कार्पाचं ओरिजिन, ब्लॅक डायमंडचं मोमेंटम, इव्हॉल्व्हचं इलेक्ट्रा ही सगळी नवशिक्यांसाठीची चांगली मॉडेल आहेत. पण ती भारतात येईपर्यंत किंमत बरेचदा दुपटीच्या आसपास जाते. पहिला जोड म्हणून मी ती घ्यायला सांगत नाही. पायाची शिस्त येईपर्यंत तुम्ही रबर झिजवणारच आहात, ते स्वस्तातलं झिजवा.

नागपूरला जायचं ठरवलं तर आधी ॲपवर बघा किंवा फोन करा. क्लायम्बिंग शूज प्रत्येक दुकानात मांडलेले नसतात, आणि असले तरी ३६-३७ असे लहान नंबर संपलेले असतात. परतवाड्याहून अमरावती करत एसटीने जायचं म्हणजे अख्खा दिवस. एवढं जाऊन रिकाम्या हाती परत यायला नको.

दुकानात: इथे अर्धा तास द्या

एसटीतून चार-पाच तास पाय लोंबते ठेवून आलात की ते नेहमीपेक्षा जास्त सुजलेले असतात. लगेच बूट घालू नका. चहा घ्या, थोडं चाला, अर्ध्या तासाने घाला. नखं आदल्या दिवशी कापून जा, पण अगदी खोल नकोत. जोडवी घरून निघतानाच काढून पर्समधल्या डबीत ठेवा, पैंजणही. काही जणी जोडवं काढायला तयार नसतात. त्यांना मी एवढंच सांगते की चढताना बोटावर सगळं वजन येतं आणि मधे चांदीची कडी असते. बोट सुजलं तर ते जोडवं पुढे कापूनच काढावं लागेल. चढून झालं की परत घालता येतं.

नेहमीच्या नंबरापासून सुरू करा. युरोपियन आकड्यांत एक नंबर म्हणजे साधारण पावणेसात मिलिमीटर, अर्धा नंबर म्हणजे जवळपास ज्वारीच्या एका दाण्याएवढा फरक. युकेच्या आकड्यांत एक नंबर साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. युके ५ म्हणजे युरोपियन ३८च्या जवळ, पण प्रत्येक कंपनीचं गणित थोडं वेगळं. तेव्हा आपलं सेंटिमीटरमधलं माप लक्षात ठेवा आणि आपल्या नंबराचा, त्याहून अर्धा लहान आणि अर्धा मोठा असे तिन्ही मागवा.

मोजे न घालता, किंवा फार तर अगदी पातळ मोज्यावर घाला. नाड्या पूर्ण सैल करा, पाय घाला, टाच जमिनीवर ठोकून मागे बसवा, मग चवड्याकडून वर बांधत या. आता बोटांकडे लक्ष द्या. ती टोकाला टेकलेली हवीत, पुढे रिकामी जागा नको. बोटं सरळ किंवा किंचित दुमडलेली असावीत. एकावर एक चढलेली असतील, सांधा वर येऊन कापडाला टेकत असेल, तर बूट लहान आहे. 'घट्ट' म्हणजे हात मिळवताना कुणी हात पक्का धरावा तसं. 'दुखणं' म्हणजे हात पिळल्यासारखं. हा फरक पायाला कळतो, फक्त त्याचं ऐकायचं.

टाच बघा. बुटाच्या टाचेवरचं रबर बोटांनी दाबा. आत पोकळी असेल तर ते पिचकतं आणि हवा सुटल्याचा फुस्स आवाज येतो. अशी टाच चढताना निघून येते. उलट वरची कड टाचेच्या मागच्या शिरेत रुतत असेल तर तो बूटही नको, दहा मिनिटांनी ती शीर ठणकायला लागते. भेगाळलेल्या टाचा असतील तर हे आणखी नीट तपासा. माझ्या एका मैत्रिणीची जुनी भेग बुटाच्या कडेनं पुन्हा उघडली होती.

मग चवड्याच्या दोन्ही बाजू. अंगठ्याच्या बुडाचं हाड बाहेर आलेलं असेल तर तिथे दाब जाणवतोच. तो सहन होण्याजोगा आहे का, की बधिर व्हायला लागलं आहे, ते बघा. बधिरपणा आला की बूट ताबडतोब काढायचा. ज्यांना साखरेचा आजार आहे आणि पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घट्ट बूट घालू नयेत.

नाड्यांच्या दोन बाजू एकमेकींना चिकटल्या, किंवा वेल्क्रोची पट्टी तिच्या जागेच्या पलीकडे गेली, तर बूट तुमच्या पायाला मोठा आहे, नंबर बरोबर असला तरी. लो व्हॉल्यूम मागा. नाड्यांत दोन बोटांपेक्षा जास्त फट राहिली तर पाय बुटापेक्षा जाड आहे.

शेवटी उभ्या राहा. दुकानात पायरी असेल तर तिच्या कडेवर फक्त अंगठ्याची आतली बाजू ठेवा, टाच हवेत, आणि हळूहळू वजन द्या. आतल्या आत पाय फिरला किंवा बूट कडेवर चुरगळला, तर मोठा आहे. पाय थरथरला तर घाबरू नका, ती पोटरी थरथरते, ताकद येईल. मग बूट तसेच घालून पंधरा मिनिटं दुकानात हिंडा, बसा, उठा. पाचव्या मिनिटाला बरा वाटलेला बूट बाराव्या मिनिटाला काय म्हणतो ते ऐका. मी माझ्या पहिल्या खरेदीत नेमकं हेच केलं नाही. विक्रेत्याने "ताई, सैल होतील" म्हटलं आणि मी पैसे दिले. ते सिंथेटिक होते. सैल झालेच नाहीत.

ऑनलाइन मागवताना

बऱ्याच गावांच्या पिन कोडवर सामान येतं, पण परत न्यायला कुणी येत नाही. मागवण्याआधी परतीची अट वाचा आणि शक्य असेल तर अमरावती, अकोला, यवतमाळ अशा जिल्ह्याच्या ठिकाणी नात्यातल्या कुणाच्या पत्त्यावर मागवा. बूट आल्यावर पलंगावर स्वच्छ चादर टाकून त्यावरच घालून बघा. शेणानं सारवलेल्या अंगणात किंवा साध्या फरशीवरही पाय ठेवला की तळाला डाग पडतो, आणि मग परत घेत नाहीत. टॅग काढू नका, डबा फाडू नका. दोन नंबर एकदम मागवून एक परत करायचा, हाही मार्ग आहे, फक्त दोन्हींचे पैसे काही दिवस अडकतात.

चौघींत दोन जोड

शाळेतल्या किंवा गावातल्या मुलींचा गट असेल तर प्रत्येकीला बूट घ्यायची घाई करू नका. आधी सगळ्यांची मापं एका वहीत लिहा. आमच्याकडे लिहिली तेव्हा निम्म्याहून जास्त मुली ३७ आणि ३८ मध्येच बसल्या. एकावेळी दोरावर एकच मुलगी चढते, दुसरी दोर धरून उभी असते. त्यामुळे प्रत्येक नंबराचा एकेक नाडीवाला जोड पुष्कळ दिवस पुरतो. पैसे बचत गटातून उचलून सगळ्यांनी थोडे थोडे फेडले. अट एकच, प्रत्येकीने स्वतःचा पातळ मोजा घालायचा आणि पायाला खाज, चिखल्या असतील तर बरं होईपर्यंत बूट घालायचे नाहीत. सामायिक बूट थोडे मोकळे घ्या, म्हणजे मोज्यावर बसतात.

वापरलेला जोड मिळत असेल तर अंगठ्याखालचं रबर बघा. तळाचं रबर आणि टोकाभोवती वर गुंडाळलेलं पातळ रबर यांच्या मधली रेष स्पष्ट दिसायला हवी. ती घासून गेली असेल, आतलं पातळ रबर उघडं पडलं असेल, तर तो बूट फुकट मिळाला तरच घ्या. आत हात घालून बघा. आधीच्या बाईच्या पायाचा खळगा पडलेला असतो आणि चामडं असेल तर तो तुमच्या पायाला जुळेलच असं नाही. फार वर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतं, नखानं दाबून बघा.

घरी आणल्यावर

पहिला आठवडा घरात, रोज पंधरा-वीस मिनिटं, स्वयंपाक करताना किंवा टीव्ही बघताना. चामड्याचे असतील तर एवढ्यानेच पायाचा आकार घ्यायला लागतात.

काळी माती या बुटांची वैरीण आहे. कपाशीच्या वावरातून कातळापर्यंत हे बूट घालून चालत गेलात तर तळावर मातीचा थर बसतो, आणि तो थर बसला की रबर कातळाला टेकतच नाही. कातळाखाली जाईपर्यंत चपलाच घाला. तिथे एक बारदाना पसरा, त्यावर बूट घाला, तळ ओल्या फडक्यानं पुसा आणि हाताच्या तळव्यानं जोरात चोळा. चोळल्यावर रबर चर्र असा आवाज करतं. तो आवाज आला की ते स्वच्छ आहे.

आपल्या पश्चिम विदर्भातला कातळ बहुतेक बसाल्ट, काळा पाषाण. त्याच्या धारा तीक्ष्ण असतात, रबर पटकन खातात. पावसाळ्यात त्यावर शेवाळ येतं, तेव्हा कोणताही बूट टिकत नाही, जाऊच नका. हिवाळा उत्तम. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा कातळ तापतो, रबर नको तितकं मऊ पडतं, पाय फुगतो. तेव्हा चढायचंच असेल तर उजाडताना. गाविलगड, नरनाळ्याच्या तटबंदीवर मात्र हिवाळ्यातही चढू नका. ती जपायची जुनी बांधकामं आहेत आणि भोवती मेळघाटचं जंगल आहे. कातळाला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर बूट पायात घालायच्या आधीच माघारी फिरा.

बूट टिनाच्या छपराखाली, गाडीच्या डिकीत किंवा उन्हात वाळत ठेवू नका. उन्हाने डिंक सुटतो आणि तळ कडेनं उघडायला लागतो. सावलीत, तोंड उघडं ठेवून, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून ठेवा. मशीनमध्ये धुवू नका. सिंथेटिक असेल तर कोमट पाण्यात हातानं धुऊन सावलीत वाळवता येतात. चामडं फक्त पुसा.

महिन्यातून एकदा अंगठ्याखालचं रबर बोटानं चाचपून बघा. दुसऱ्या बाजूच्या मानाने ते पातळ लागायला लागलं, पण टोकाभोवतीचं रबर अजून शाबूत आहे, तेव्हाच नवीन तळ लावून घ्यायची वेळ असते. आत भोक पडल्यावर खर्च वाढतो. हे काम चढाईचं खास रबर लावणाऱ्याकडेच करा. असे लोक देशात मोजकेच आहेत आणि बूट कुरियरने पाठवावे लागतात. गावातला मोची टायरचं रबर प्रेमानं आणि पक्कं लावून देईल, पण ते कातळावर धरत नाही. त्याच्याकडून उसवलेली शिवण घालून घ्या, तळाला हात लावू देऊ नका. स्वस्तातल्या बुटाला नवीन तळ लावायचा खर्च आणि कुरियर मिळून नव्या जोडाच्या जवळ जात असेल, तर जुना जोड बारदान्याजवळ ठेवून द्या. पावसाळ्याआधी कुणीतरी नवी पोरगी येतेच, आणि तिच्या पहिल्या दोन-तीन वेळांना तो पुरतो.